रजा कोण मंजूर करायचं?

"तुमची रजा कोण मंजूर करायचं?"

कामगार न्यायालयात साक्षीला उभा राहिलो, नाव, वय, तिकीट नंबर सांगून झाला, आणि आमच्या वकिलांनी एकदम रजेलाच हात घातला. मी म्हणालो, "खात्याचे मॅनेजर."

"ह्यांनी कधी तुमच्या अर्जावर सही केली?"

'हे' म्हणजे माझा मित्र. कंपनीने त्याला कामावरून काढलं होतं, आणि तो कामगार की साहेब, हा वाद होता. समोरच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

"नाही."

"कोणाला मेमो दिला? कोणाचा गोपनीय अहवाल लिहिला?"

"नाही साहेब. ते आमच्याबरोबरच काम करायचे. टेस्टिंग बेंचवर."

मग कंपनीचे वकील उठले. आवाज अगदी मऊ. "हेल्परला काम कोण सांगायचं?" मी सांगितलं, हेच सांगायचे, हा ट्रे आण, तो रिले इकडे दे. "म्हणजे सूचना द्यायचे." मी थांबलो. "हो की नाही, एवढंच सांगा." मी हो म्हणालो. ते खाली बसले, आणि टाइपिस्टने ओळ टाइप केली: 'हे म्हणणे खरे आहे की, अर्जदार हे हेल्परला सूचना देत असत.'

२००४ सालच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. ती ओळ मला अजून पाठ आहे. त्या ओळीतला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी त्या ओळीने माझ्या मित्राची वीस वर्षांची हातमेहनत बाजूला सारून त्याला साहेब करून टाकलं होतं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं काढली. स्विचगिअरचं काम, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं. त्यातली अकरा वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो. लोकांना वाटतं, युनियन म्हणजे पगारवाढ, बोनस, गेट मीटिंग आणि घोषणा. ते असतंच. पण कमिटीच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ ज्या कागदावर जातो, तो ग्रेडचा तक्ता. कोणाचं काम कुठल्या रकान्यात, कोण अकुशल, कोण अर्धकुशल, कोण कुशल, कोण 'कामगार' आणि कोण 'स्टाफ'. एका रकान्यातून दुसऱ्यात नाव सरकलं की पगार बदलतो, ओव्हरटाइम बदलतो, कँटीनमधली जागा बदलते, आणि वाईट दिवस आला तर कोणाच्या पाठीशी कायदा उभा राहणार, तेही बदलतं.

१९९६च्या दिवाळीच्या तोंडावर चौदा जणांना पत्रं आली. सगळे जुने, हुशार, कामात तरबेज. सेटर होते, टेस्टर होते, टूलरूममधले दोघे होते. पत्रावर हुद्दा होता 'ज्युनियर एक्झिक्युटिव्ह'. पगारात साडेआठशे रुपयांची वाढ, पांढरा कोट, आणि शंभर व्हिजिटिंग कार्डांची एक डबी. माझा मित्र ओव्हरलोड रिलेचा, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणाऱ्या उपकरणाचा, टेस्टर होता. रिलेमधून ठरलेला करंट सोडायचा, किती सेकंदांत ट्रिप होतो ते बघायचं, बारीक स्क्रू फिरवून तो वेळेत बसवायचा आणि वहीत मांडायचं. त्याचा हात इतका बसलेला होता की स्टॉपवॉच दाबायच्या आधीच तो म्हणायचा, हा उशीर करणार. पत्र आल्यानंतर तो काय करायला लागला? तेच. त्याच बेंचवर, तोच स्क्रू-ड्रायव्हर, तीच वही. फक्त ओव्हरटाइम बंद झाला, कारण ऑफिसरला ओव्हरटाइम नसतो, आणि युनियनची वर्गणी कापली जायची ती बंद झाली, कारण ऑफिसर युनियनचा सभासद नसतो.

त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. कमिटीच्या खोलीत चौदाही जणांना हार घातले. माझ्या मित्राची बायको, वहिनी, संध्याकाळी आमच्या घरी येऊन माझ्या आईच्या पाया पडून गेल्या. एकाही कमिटी मेंबरने, त्यात मीही आलो, असं विचारलं नाही की ह्यांच्या हातातलं काम बदललंय का? आमची चौदा सर्वांत अनुभवी माणसं एका दुपारी आमच्या यादीतून निघून गेली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

इथे कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण हे माझ्या सोबत्यांना वेळेवर कोणी सांगितलं नव्हतं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'वर्कमन' कोण, ह्याची व्याख्या कलम २(एस)मध्ये होती. शारीरिक, तांत्रिक, कारकुनी, देखरेखीचं, अशी कामांची नावं त्यात होती. पण देखरेखीचं काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा होती, आणि २०१०च्या दुरुस्तीपर्यंत ती होती महिना १,६०० रुपये. नंतर ती १०,००० झाली. आता विचार करा, १९९६ साली कारखान्यातला नवा कायम हेल्परसुद्धा त्याहून जास्त पगार घेत होता. म्हणजे एकदा का 'हा देखरेख करतो' एवढं सिद्ध झालं, की माणूस थेट कायद्याच्या बाहेर. मग त्याला काढायचं तर चौकशी नको, कारण नको. नेमणूक पत्रात लिहिलेल्या मुदतीची नोटीस किंवा तेवढा पगार हातावर ठेवला की झालं. म्हणून आमच्या वकिलांना रजेच्या अर्जावर त्याची सही नसायची हे दाखवायचं होतं, आणि कंपनीच्या वकिलांना 'सूचना' हा एकच शब्द माझ्या तोंडून हवा होता.

दुसरी गोष्ट त्याहून जिव्हारी लागणारी. त्याच कायद्यात कलम ९अ होतं. मालकाला नोकरीच्या काही अटी बदलायच्या असतील तर आधी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं. कुठल्या अटी, त्याची यादी चौथ्या परिशिष्टात होती, आणि तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं: ग्रेडनुसार वर्गवारी. पण त्याला अपवादही होता. बदल युनियनबरोबरच्या करारातून होत असेल तर नोटीस लागत नाही. आमच्या १९९५च्या करारात एक ओळ होती, 'व्यवस्थापन गरजेनुसार पदांची पुनर्रचना करू शकेल, युनियन सहकार्य करेल.' पगारवाढीचा आकडा चांगला होता, फरकाची रक्कम दिवाळीच्या आधी मिळणार होती. त्या पानावर खाली पाच सह्या आहेत. तिसरी माझी.

२००१ साली मंदी आली. पहिल्या झटक्यात कामगारांपैकी कोणालाही हात लागला नाही, कारण कामगार काढायचा तर आम्ही उभे होतो, कायदा उभा होता. गेले ते ज्युनियर एक्झिक्युटिव्ह. चौदापैकी नऊ. एका शुक्रवारी चार वाजता बोलावून तीन महिन्यांच्या पगाराचा चेक आणि पत्र. माझा मित्र बेंचपाशी परत आला, वही उचलली, आणि गेटकडे गेला. वही उचलली हे फार बरं झालं.

कारण पुढे तीच उपयोगी पडली. लेबर ऑफिसातली तडजोड फिसकटली, सरकारने प्रकरण कामगार न्यायालयाकडे धाडलं, आणि तिथे त्याला का काढलं हा प्रश्न कित्येक वर्षं आलाच नाही. आधी ठरवायचं होतं की तो कामगार आहे की नाही, आणि ते त्यानेच सिद्ध करायचं होतं. आमचे वकील म्हातारे, बोलायला तिखट, पण फार प्रेमाने काम करणारे. ते म्हणाले, "पत्रावर काय छापलंय ते विसरा. दिवसभर तुमचे हात काय करत होते ते मला दाखवा." ते एक निकाल नेहमी बरोबर ठेवायचे. १९८५ सालचा, सर्वोच्च न्यायालयाचा, मुंबईच्याच एका औषध कंपनीतल्या माणसाचा. स्टेनो-कम-अकाउंटंट म्हणून लागलेला, पुढे मोठ्या नावाच्या पदावर गेलेला. त्यात न्यायालयाने म्हटलंय की माणसाचं मुख्य काम कोणतं ते आधी बघा. त्याला जोडून दिलेल्या चार किरकोळ जबाबदाऱ्यांनी त्याची जात बदलत नाही. 'जात' हा शब्द आमच्या वकिलांचा, निकालातला नाही.

वहीत १९९६ ते २००१ अशी पाच वर्षांची रीडिंग होती. मशीनचा नंबर, करंट, सेकंद, पास, फेल. पानांवर त्याच्या बोटांचे काळपट ठसे. न्यायाधीशांनी ती वही बराच वेळ चाळली. एका पानावर थांबून त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही स्वतः मोजलं?" तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हो साहेब, दुसरं कोण मोजणार?" २००७ साली निकाल लागला: तो कामगार आहे. मूळ खटला तिथून पुढे सुरू व्हायचा होता. कंपनी उच्च न्यायालयात गेली. २००९ साली त्याने रक्कम घेऊन मिटवलं. मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि वय झालं होतं चोपन्न.

मला वाटायचं की हा सगळा घोळ आमच्या काळातला. मग एकदा वडिलांच्या ट्रंकेत त्यांचं बदली कार्ड सापडलं.

वडील लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर, होते. देवगड तालुक्यातून १९६१ साली मुंबईला आले आणि आठ वर्षं 'बदलीवाले' होते. बदलीवाला म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी लागणारा. रोज पाळीच्या आधी गेटवर जायचं, कार्ड दाखवायचं, काम वाटणाऱ्या जॉबरच्या तोंडाकडे बघायचं. काम लागलं तर लागलं, नाहीतर परत खोलीवर. आई सांगायची, पायांच्या आवाजावरून कळायचं, आज काम लागलं की नाही. आठ वर्षं तोच साचा, तेच सूत, तीच रुई नाकातोंडात, आणि कार्डावर शब्द 'बदली'. १९४६च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या, कायद्याचं परिशिष्ट उघडून बघा, सुरुवातीलाच कामगारांची वर्गवारी होती: कायम, तात्पुरता, शिकाऊ, प्रोबेशनर, बदली. कामाचे तास, रजा, पगाराचा दिवस हे सगळं त्याच्या नंतर. आधी माणूस कोण ते ठरतं, मग त्याला काय मिळणार ते.

महाराष्ट्राने १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित प्रथा रोखण्याचा कायदा केला, तेव्हा त्याच्या चौथ्या परिशिष्टात सहावी बाब घातली. कामगाराला कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून त्याला वर्षानुवर्षं बदली, तात्पुरता किंवा कॅज्युअल ठेवणं ही अनुचित प्रथा. युनियनवाल्यांच्या तोंडी ते नुसतं 'आयटम सहा' असतं. ते कलम ज्याने कोणी लिहिलं असेल, त्याने गिरणीच्या गेटवर उभं राहिलेली माणसं पाहिली असणार, असं मला नेहमी वाटतं. तरीही १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडला, तेव्हा मागण्यांत बदलीवाल्यांना कायम करा ही मागणी होतीच. वडील तोवर कायम झालेले. पण संपाच्या सभांना ते जायचे ते त्या मागणीसाठी. घरात धान्य नव्हतं. मी आयटीआय करून बसलो होतो. १९८३ साली मामाने नाशिकला बोलावून घेतलं, आणि मी सातपूरला लागलो. असा मी ह्या गोष्टीत आलो.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला जड जातं, पण तेच सांगण्यासाठी लिहायला बसलो. मालकाने नाव बदललं की आम्हाला दिसतं. आम्ही स्वतः चुकीचं नाव दिलं, की दिसत नाही.

१९९८ साली आमच्याकडे सगळ्या कामांचं नव्याने मूल्यमापन झालं. व्यवस्थापनाचे तीन, युनियनचे तीन. कौशल्य, श्रम, जबाबदारी, कामाची परिस्थिती, अशा चार बाबींना गुण द्यायचे आणि बेरजेवरून ग्रेड. आम्ही तिघेही मशीनशॉपचे. वजन उचलणं, उष्णता, तेल, आवाज ह्यांना गुण भरभरून घेतले, भांडून घेतले. कॉइल वाइंडिंगच्या खात्यात बेचाळीस बायका होत्या. त्यांचं काम आलं तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. कोणीतरी म्हणालं, बसून काम, पंखा आहे, हलकं काम. गुण पडले, अकुशलच्या जेमतेम वर. चहा आला.

चार दिवसांनी वाइंडिंगमधल्या एक ताई मला जिन्यात भेटल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "दादा, एक तास बसून बघा आमच्या जागेवर. मग लिहा काय लिहायचं ते."

मी गेलो. तांब्याची तार केसाहून बारीक. बोटाने ताण द्यायचा. कमी पडला तर वेटोळं सैल, जास्त झाला तर तार तुटते. तुटली की कॉइल बाद. वेढे मोजायला काउंटर असतो, पण ताण मोजायला फक्त बोट. तासाभरात माझ्या अकरा तारा तुटल्या, एकही कॉइल पूर्ण झालं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या बाईंनी तेवढ्या वेळात सव्वीस कॉइलं काढून ट्रेमध्ये लावली. मी टर्नर. माझ्या हाताला कुशल म्हणून तोवर पंधरा वर्षं पगार मिळाला होता. त्या एका तासात मला समजलं की आम्ही कौशल्याचे गुण देताना स्वतःचाच हात मोजला होता.

नंतर आमचे वकील म्हणाले, मुंबईत हे घडून गेलंय. एका शिपिंग कंपनीत 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' असं वेगळं पद होतं. काम पुरुष स्टेनोंसारखंच, पगार कमी. आणि ही वर्गवारी युनियनबरोबरच्या करारात बसवलेली होती. त्यांतल्या एकीने दाद मागितली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, काम सारखं असेल तर करारावर युनियनची सही आहे म्हणून १९७६च्या समान वेतन कायद्यातून सुटका नाही, आणि कंपनीला परवडत नाही हेही कारण चालणार नाही. हा निकाल येऊन अकरा वर्षं झालेली असताना आम्ही आमच्या खोलीत बसून तेच केलं होतं.

मी कमिटीत विषय परत काढला. भांडणं झाली. आमच्याच लोकांनी विचारलं, त्यांना वर घेतलं तर आमची वाढ कमी होईल का? शेवटी वाइंडिंग एक ग्रेड वर गेलं. पॅकिंगच्या बायका होत्या तिथेच राहिल्या. त्यांच्या जागेवर मी कधी तासभर बसलो नाही. त्या सगळ्या आता निवृत्त झाल्या आहेत, काहींचा पीएफ इतका कमी की सांगताना त्या नजर वळवतात. हे माझ्या नावावर आहे.

अलीकडे नावं आणखी वाढली आहेत. मुंबई महापालिकेसाठी कचरा उचलणाऱ्या माणसांना एके काळी संस्थांमार्फत 'स्वयंसेवक' म्हणून लावलं होतं. पहाटे गाडीच्या मागे लटकून ओला कचरा हाताने भरायचा, आणि कागदावर स्वयंसेवा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांची लढाई वर्षानुवर्षं लढवली. २,७०० जणांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा २०१४चा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली कायम ठेवला. अंगणवाडीच्या ताईंना पगार मिळत नाही, 'मानधन' मिळतं. त्यांनाही ग्रॅच्युइटी लागू आहे हे ठरायला २०२२ साल उजाडलं. चाकणला, रांजणगावला, आमच्या अंबडला पोरं लाइनवर उभी असायची ती 'नीम ट्रेनी', म्हणजे एका सरकारी योजनेतले प्रशिक्षणार्थी, म्हणून; नियमातच लिहिलेलं की हे कर्मचारी नव्हेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. देखरेख करणाऱ्याची पगारमर्यादा आता १८,००० रुपये. बदलाची नोटीस तिच्यातही आहे, आणि यादीत ग्रेडनुसार वर्गवारी हे शब्दही. त्या शब्दांकडे कमिटीच्या खोलीतलं कोणी बोट ठेवतं की नाही, ह्यावर पुढचं सगळं आहे.

माझा मित्र गेल्या वर्षी गेला. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं आणि व्हिजिटिंग कार्डांची डबी हातात दिली. म्हणाल्या, "तुमच्याकडे राहू द्या, मला बघवत नाही." घरी येऊन मोजली. सत्त्याण्णव होती.

माझा पुतण्या चाकणला एका कारखान्यात 'प्रॉडक्शन असोसिएट' आहे. संगणकावर चालणारं सीएनसी मशीन चालवतो. परवा फोनवर म्हणाला, काका, आमच्या काही जणांना 'टीम लीड' करणार आहेत, पत्र येतंय. मी विचारलं, रजा कोण मंजूर करणार? तो म्हणाला, ते ॲपवर मॅनेजरच करतो. मग मी स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली, कुरिअर केली, आणि त्याला सांगितलं की रोज घरी जायच्या आधी चार ओळी लिहायच्या, बॉलपेनने, तारीख घालून. आधी तो हसला. मग मी त्याला बेंचवरच्या वहीची सगळी गोष्ट सांगितली.

रविवारी त्याने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर त्याच्या आजोबांसारखं, उजवीकडे झुकलेलं.

'सोमवार. पहिली पाळी. मशीन नं. ७. सकाळी इन्सर्ट बदलला, ऑफसेट घेतला. ४१२ नग, ३ रिजेक्ट. मोजमाप स्वतः केलं.'